इंचभराची कुरघोडी

३ फेब्रुवारी, सोमवार

काल दुकानाची पाटी उतरवली. मापवहीची साठ-सत्तर पानं कोरी राहिली होती, ती टाकून देववेना. म्हणून आजपासून त्यातच रोजनिशी लिहिणार. प्रत्येक पानावर डावीकडे छाती, कंबर, बाही असं छापलेलं आहे, त्याकडे काणाडोळा करायचा.

बावीस वर्षं सूट शिवले. आता लोक तयार सूट घेतात आणि माझ्याकडे फक्त पँटी आखूड करायला आणतात. मन उडालं. सहा महिने संध्याकाळी इंटिरियर डेकोरेशनचा वर्ग केला. वर्गात मी सोडून सगळ्या विशीतल्या मुली. मला काका म्हणायच्या आणि पडद्याच्या चुण्या माझ्याकडून घालून घ्यायच्या. रंग, उजेड, कापड, सगळं मन लावून शिकलो. मापं कशी घ्यायची हे शिकवलं त्या दिवशी तेवढा मागच्या बाकावर बसून हसत होतो. मला मापं शिकवतात!

पहिलं काम मिळालंय. दातांच्या डॉक्टरीणबाई, त्यांचे पांढरे कोट मीच शिवायचो. तीन खोल्यांचा नवा फ्लॅट, बाई आणि त्यांचे वडील. एप्रिलच्या पहिल्या तारखेला राहायला जायचंय. बाईंनी स्वच्छ सांगितलं, "घर मनासारखं झालं तर नव्या दवाखान्याचं कामही तुम्हालाच." दवाखाना दोन मजली आहे. तो मिळाला तर मी खरा सजावटकार. नाही मिळाला तर तयार कपड्यांच्या शोरूमचा मालक टपूनच बसलाय, अल्टरेशनचं टेबल रिकामं आहे म्हणून दोनदा निरोप आला. दुसऱ्याने शिवलेल्या पँटी मरेपर्यंत आखूड करत बसायचं. जीव गेला तरी जाणार नाही.

मदतीला हिला घेतलंय. दुकानातली काजं, बटणं, तुरपाई हिनेच केली. मी माप बोलायचं, हिने लिहायचं, ही आमची जुनी रीत. माझ्या तोंडून आकडा निघाला की त्यावर सरळ कात्री चालवावी, मध्ये कसलीही बेरीज-वजाबाकी नाही, अशी माझी ख्याती होती.

६ फेब्रुवारी, गुरुवार

फ्लॅटची मापं घेतली. टेप गळ्यात पडल्यावर बरं वाटलं. मी धडाधड आकडे सांगत गेलो, ही लिहीत गेली. स्वयंपाकघरात मध्येच थांबून म्हणाली, "अहो, हे नेमकं का?"

"मी कधी अंदाजपंचे बोललोय?"

तिने टेपकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पेन्सिलीने काहीतरी बारीक खरडलं.

मग डॉक्टरीणबाई वडिलांना घेऊन आल्या. मी त्यांना सगळं समजावलं. मोहरीच्या रंगाचे पडदे, गडद लाकडाचा पलंग, जेवणाच्या टेबलावर लोंबता दिवा. त्या मान डोलवत होत्या, पण दाढ काढायची आहे असं ऐकणाऱ्या पेशंटसारख्या. माझं झाल्यावर हिच्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्हाला काय वाटतं?"

ही म्हणाली, "दाराशी एक बाकडं हवं. बाबांना बूट घालताना भिंतीला हात टेकावा लागतो."

"अगदी! हे मला कसं सुचलं नाही?"

वडील पाच मिनिटांपूर्वी आमच्यासमोरच बूट घालून फिरायला गेले होते. मीही त्यांच्याकडे बघत होतो, नाही असं नाही. मी त्यांचा कोट बघत होतो, खांद्यात उतरलेला होता.

बाई आज चार वेळा "अगदी" म्हणाल्या. चारही वेळा हिला.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सुतारकाम करायला मिस्त्री ठरवला. त्याचं वर्कशॉप गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे. सामान तिथे बनवून तो फ्लॅटवर आणून बसवणार. पहिल्याच भेटीत म्हणाला, "मास्टर, माप तुमचं, काम माझं. मापात चूक निघाली तर माझ्याकडे बोट दाखवायचं नाही." मी म्हटलं, तशी वेळ येणार नाही.

माणूस माझ्याच वयाचा, पण डोक्यावर केस दोघांना पुरतील एवढे. बोलघेवडाही आहे. हिला लगेच वहिनी म्हणायला लागला. कुठल्याशा गिऱ्हाइकाने पलंग करून घेतला आणि मग घोरण्यावरून नवराबायकोचं भांडण होऊन तो मधोमध कापून मागितला, असं काहीतरी सांगत होता. ही पदर तोंडाला लावून हसली. माझ्या विनोदांना एवढी कधी हसली नाही. मी विनोद फारसे करत नाही, पण तो मुद्दा वेगळा.

२० फेब्रुवारी, गुरुवार

एक गोष्ट लक्षात आली आहे. मी मापं मिस्त्रीला कळवली की तासाभरात ही फोन घेऊन गॅलरीत जाते. आज विचारलं.

"कोणाशी बोलत होतीस?"

"मिस्त्रींशी."

"काय?"

"कामाचं."

कामाचं! काम माझं, मिस्त्री मी आणलेला, आणि कामाचं बोलणं गॅलरीत, दार लोटून.

२१ फेब्रुवारी

आरशात स्वतःचे केस बघितले. टाळूवर नाहीत, पण कानावर बऱ्यापैकी आहेत.

१ मार्च, शनिवार

पलंग, बाकडं आणि स्वयंपाकघराची कपाटं बसली. कपाट आणि भिंत यांच्यात कागद जाणार नाही. मी हात मागे बांधून उभा होतो. डॉक्टरीणबाई कपाटावरून बोटं फिरवत म्हणाल्या, "किती नेमकं!"

मी म्हटलं, "बावीस वर्षांचा हात आहे."

तेव्हा मिस्त्रीने हिच्याकडे पाहिलं, आणि हिने खाली फरशीकडे. मी आंधळा नाही. लिहून ठेवतो.

पुढे बाई मला विचारायचं सोडून हिलाच घेऊन खोल्याखोल्यांतून फिरल्या. बाबांच्या उशाशी बटण असलेला छोटा दिवा, ही म्हणाली. अगदी. बाथरूमच्या दाराला बाहेरूनही उघडणारी कडी, ही म्हणाली. अगदी अगदी. मोहरीचे पडदे? "बघू या," म्हणाल्या.

मी डिप्लोमा घेतला. ही फक्त माझा डबा भरून द्यायची. मग हिला कोण शिकवतं हे सगळं? मला पोटात दुखतंय, खरंखुरं. ओवा खाल्ला, उपयोग नाही.

४ मार्च, मंगळवार

आमची लेक कॉलेजातून आली आणि पायातल्या चपला काढता काढता म्हणाली, "बाबा, तुम्ही आईवर जळता."

मी तिला शांतपणे समजावलं. एका धंद्यात दोन डोकी झाली की गिऱ्हाईक गोंधळतं. सल्ला एकाच तोंडून जायला हवा. हा व्यवसायाचा नियम आहे, यात जळण्याचा संबंध येतो कुठे? अर्धा तास समजावलं. लेक म्हणाली, "बरं," आणि आईला डोळा मारून आत गेली.

घरात सगळे एका बाजूला आहेत.

११ मार्च, मंगळवार

आज सापडलं.

मापं लिहायची वही हिच्या पिशवीत होती. वडिलांच्या खोलीतल्या पुस्तकांच्या कपाटाचा विचार करायचा म्हणून काढली. बघतो तर माझा प्रत्येक आकडा खोडलेला! पलंग, बाकडं, स्वयंपाकघर, सगळीकडे माझ्या आकड्यावर रेघ आणि खाली हिच्या अक्षरात दुसरा आकडा. आणि फरक किती? एक इंच. सगळीकडे एकच इंच कमी. त्रेसष्टचे बासष्ट, अठ्ठेचाळीसचे सत्तेचाळीस.

म्हणजे गॅलरीत हे चालायचं. बदल करण्यासारखं काही सापडलं नाही, तर इंचभर का होईना, पण माझं म्हणून काही राहू द्यायचं नाही. मोठी चूक काढली असती तरी चाललं असतं. ही नुसती कुरघोडी झाली. आणि तो केसाळ मिस्त्री मला मास्टर मास्टर म्हणत ऐकतो हिचं!

अंगाचा तिळपापड झाला. वही हिच्यासमोर आपटली. ही पोळपाट धूत होती. हात पुसून म्हणाली, "अहो, मी सांगणारच होते. तुम्ही माप बोलताना…"

"मी बोलताना काय? मी बोलतो ते चूक आणि तू लिहितेस ते बरोबर?"

"तसं नाही, ऐकून तर घ्या."

"उद्यापासून फ्लॅटवर यायचं नाही. मिस्त्रीला फोन करायचा नाही. कपाट मी एकट्याने करणार."

हिने पोळपाट भिंतीला टेकवून ठेवला. मला वाटलं रडेल. रडली नाही. म्हणाली, "कपाटाचं माप फक्त एकदा मला दाखवा."

"गरज नाही."

लेकीने आज माझ्याशी बोलणं सोडलंय.

१४ मार्च, शुक्रवार

वडिलांच्या खोलीत दोन भिंतींच्या मध्ये खोल कोनाडा आहे, जमिनीपासून छतापर्यंत. त्यात भिंतीला भिडून पुस्तकांचं कपाट. घरातली सर्वांत मोठी वस्तू, शिवाय ही कल्पना संपूर्ण माझी. एकट्याने माप घेतलं, एकट्याने लिहिलं, स्वतः मिस्त्रीच्या वर्कशॉपवर नेऊन दिलं.

त्याने कागद पाहिला. "वहिनींनी बघितलंय का?"

"मास्टर कोण? मी की वहिनी?"

"मास्टर तुम्हीच. पण मी आपलं म्हटलं, एकदा वहिनींना…"

"आहे तसं कापा."

कागद खिशात टाकून तो पॉलिश घासायला लागला. परत येताना मी शीळ घालत होतो. फ्लॅटवर एकट्याने काम करताना फार निवांत वाटतं. कोणी काही विचारत नाही. डॉक्टरीणबाईंनी तेवढं तीन वेळा विचारलं, "मिसेस दिसत नाहीत?"

२७ मार्च, गुरुवार

हे लिहायला हात होत नाही. पण लिहितो.

कपाट आलं. चार माणसांनी जिन्यावरून चढवलं. काय देखणं कपाट! कोनाड्यासमोर उभं करून आत सरकवायला घेतलं आणि अडलं. तिरकं केलं, अडलं. वर उचलून बघितलं. नव्या रंगावर दोन्हीकडे ओरखडे उठले. मिस्त्रीने टेप काढली, कोनाडा मोजला, कपाट मोजलं. "एक इंच जास्त आहे, मास्टर."

"शक्य नाही."

"तुम्हीच मोजा."

मी मोजलं. टेप भिंतीला लावली, आकडा वाचला आणि तोंडाने बोललो. मिस्त्री म्हणाला, "टेपवर काय दिसतंय ते सांगा." मी पुन्हा पाहिलं. टेपवर एकशे अकरा होतं. मी एकशे बारा म्हणालो होतो.

मग त्याने सगळं सांगितलं. मी प्रत्येक माप एक इंच वाढवून बोलतो. शिवणीचा इंच! कापड कापताना दोन्ही बाजूंना शिवणीसाठी जास्तीचं धरावंच लागतं. बावीस वर्षं मी ते धरूनच आकडा बोलत आलो, वेगळी बेरीज अशी डोक्यात उरलीच नाही. लाकडाला शिवण नसते. हिच्या हे पहिल्याच दिवशी लक्षात आलं. "दर खेपेला वहिनींचा फोन यायचा," मिस्त्री म्हणाला. "मास्टरांच्या आकड्यातून एक काढा, आणि त्यांना बोलू नका, हात बसलाय, जाईल हळूहळू. या वेळी फोन आला नाही. मला वाटलं, तुमचं तुम्ही बघितलं असेल."

मी टेप गुंडाळायला घेतली. एवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या, मागे त्यांचे वडील पुस्तकांची पहिली खोकी घेऊन. बाईंनी कपाट पाहिलं, ओरखडे पाहिले. "हे काय?"

आणि मी म्हणालो, "मिस्त्रीचं माप चुकलं."

माझ्या तोंडून निघालं. मला कोणी जबरदस्ती केली नव्हती. मिस्त्री माझ्याकडे बघत राहिला. पहिल्या दिवशी त्याने काय अट घातली होती ती त्यालाही आठवत असणार. पण तो चकार शब्द बोलला नाही. कपाटाची बाजू खोलायला घेतली आणि बाईंना म्हणाला, "परवापर्यंत करून देतो."

घरी हिने विचारलं, "बसलं का?"

"बसेल," म्हणालो.

२ एप्रिल, बुधवार

डॉक्टरीणबाई काल राहायला आल्या. मिस्त्रीने कबूल केल्याप्रमाणे कपाट इंचभर कमी करून, पुन्हा पॉलिश करून बसवलं आणि भिंतीही रंगवून दिल्या. वडील बाकड्यावर बसून बूट घालत होते, काढत होते, परत घालत होते. नव्या खेळण्यासारखं.

बाईंनी मला बसवून घेतलं. "दवाखाना तुमचा. उद्यापासून लागा. फक्त मिस्त्री बदला."

मी हो म्हणालो.

पुढे म्हणाल्या, "तुमच्या मिसेसना मी म्हटलं होतं, किती छान सुचतं तुम्हाला. तर म्हणाल्या, मला कुठलं सुचायला? घरी हे बोलतात तेच मी सांगते."

घरी मी हे कधीच बोललो नव्हतो. बाकडं नाही, दिवा नाही, कडी नाही. हिने माझी चूक तर झाकलीच, वर स्वतःचं श्रेयही माझ्या पदरात टाकलं. मला आनंद व्हायला हवा होता. काय झालं ते खरं लिहितो. हिच्या हुशारीचा हेवा वाटतच होता, आता हिच्या मनाच्या मोठेपणाचाही वाटायला लागला. तेवढं मन तरी माझ्याकडे असायला हवं होतं.

४ एप्रिल, शुक्रवार

काल दवाखान्याकडे फिरकलोच नाही, बरं नाही म्हणून कळवलं. आज सकाळी जुन्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंकडे गेलो. दुसरी जागा नव्हती म्हणून पेशंटच्याच खुर्चीत बसवलं. डोक्यावर तो मोठा दिवा, तो बाईंनी सवयीने लावला. त्या उजेडात सगळं सांगितलं. माप माझं चुकलं, मिस्त्रीचं नाही. आणि जे जे आवडलं ते हिचं होतं, माझं नाही.

 बाईंनी दिवा बंद केला.

"मिस्त्रींना मी स्वतः फोन करते. तुम्हीही करा."

"करतो."

"आणि दवाखाना मी तुमच्या मिसेसना देते. जबाबदारी त्यांची, निर्णय त्यांचे. कोणाला हाताशी घ्यायचं तेही त्याच ठरवतील. त्यांना सांगा, मला फोन करायला."

मला जी भीती पहिल्या दिवसापासून होती ती हीच. सांगतो म्हणालो. 

बाहेर येऊन आधी मिस्त्रीला फोन केला. माफी मागितली. तो म्हणाला, "मास्टर, मी वहिनींकडे बघून गप्प बसलो. तुमच्याकडे बघून नाही."

५ एप्रिल, शनिवार

हिला सांगितलं नाही. सकाळी पाहुणे होते.

६ एप्रिल, रविवार

सांगितलं नाही. पाहुणे नव्हते. ही दोनदा म्हणाली, "चेहरा उतरलाय तुमचा." मी म्हटलं, पित्त.

उद्या सांगितलं काय आणि आठवड्याने सांगितलं काय, दवाखाना कुठे पळून जातोय? असा विचार केला आणि स्वतःचीच लाज वाटली. तरी सांगितलं नाही.

७ एप्रिल, सोमवार

सकाळी ही नीटनेटकी तयार होऊन चष्मा पुसत होती. हातात शोरूमवाल्याचा नंबर लिहिलेला कागद.

"हे कशाला?"

खुर्चीवर बसली. मला समोर बसवलं. म्हणाली, "तुम्ही तीन दिवस बोलत नाही, म्हणजे दवाखाना गेला हे मला कळत नाही का? जाऊ दे. पहिलंच काम होतं. त्यांचं अल्टरेशनचं टेबल रिकामं आहे ना, तिथे मी जाते. तुरपाई मला येते, पँटीही आखूड करीन. तुमचं बस्तान बसेपर्यंत घर चालेल. पण तुम्ही हे सोडू नका."

 जिथे जाण्यापेक्षा मी मरायला तयार होतो, तिथे ही माझ्यासाठी चष्मा पुसून निघाली होती. आणि हिचं काम शुक्रवारपासून माझ्या पोटात होतं.

सांगितलं. सगळं, एका दमात. शिवणीचा इंच, मिस्त्रीवर घातलेला आळ, खुर्ची, दिवा, बाईंचा निरोप.

 ही म्हणाली, "बाईंनी हे कधी सांगितलं?"

"शुक्रवारी."

"आज सोमवार."

"हो."

"मी आत्ता शोरूमला हो म्हणून आले असते."

"हो."

"तरी तुम्ही बोलला नसतात?"

 खरं सांगायचं तर मलाही माहीत नाही.

ही उठली. कागद चार तुकडे करून केरात टाकला आणि माझ्यासमोरच डॉक्टरीणबाईंना फोन लावला. गॅलरीत गेली नाही. "हो, मी करते," म्हणाली. "मिस्त्री तेच राहतील. उद्या नऊला येते." आजवर कुठल्याही गोष्टीला हो म्हणायच्या आधी ही माझ्याकडे एकदा बघायची. आज बघितलं नाही. मला जे जे वाटत होतं त्यात अजूनही निम्मी जळजळच होती, हे कबूल करतो.

फोन ठेवून ही वही-पेन्सिल पिशवीत भरायला लागली. मी दारात उभा. शेवटी धीर करून विचारलं, "मलाही नेशील बरोबर?"

हिने पिशवीची चेन लावली. माझ्याकडे नीट बघितलं, किती वर्षांनी कोण जाणे.

"विचार करून सांगते," म्हणाली. "तीन दिवसांनी."